नाळ कापायची घाई नको

मागच्या वेळी आम्ही शेळीपालनाच्या कर्जाची कागदपत्रं सांगितली होती. आज विषय वेगळा आहे. आज बाळाच्या नाळेबद्दल बोलायचं आहे. घरात पुरुष माणसं बसली असतील तर त्यांना उठवू नका. दवाखान्यात फॉर्मवर सही तेच करतात, मग त्यांनीही ऐकलेलं बरं.

हा विषय आम्ही पुस्तकातून शोधून काढलेला नाही. आमच्याच एका गटाच्या मासिक सभेत तो निघाला. समाजमंदिरात सभा होती. हप्ते गोळा झाले होते, रजिस्टर भरून होत आलं होतं, तेवढ्यात गटातल्या एक काकू उशिरा आल्या. कडेवर अकरा महिन्यांचा नातू, मुलीचा मुलगा. पोर पांढरंफटक. ओठांना रंग नाही, तळहात मेणासारखे. समोर एवढ्या बायका बघून ह्या वयाचं लेकरू एक तर हसतं नाही तर भोकाड पसरतं. हे नुसतं खांद्यावर मान टाकून पडलं होतं. अंगणवाडीताईंनी पाठपुरावा केला म्हणून काकूंनी त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं होतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८. ह्या वयाच्या बाळाला ते अकराच्या आसपास तरी हवं.

काकूंचा जीव दोन्हीकडून कातावला होता. एक तर लेकराची काळजी. दुसरं म्हणजे मुलीचं पहिलं बाळंतपण, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे माहेरी झालेलं. "सासरची माणसं बोलायला लागलीत," काकू म्हणाल्या. "म्हणतात, माहेरी बाळंतपण केलं आणि पोराच्या अंगात रक्त नाही. आम्ही काय कमी केलं? दवाखान्यात नेलं, डिंकाचे लाडू केले, सगळं केलं."

आमच्या गावात एक जुनी सुईण आजी आहे. सत्तरी कधीच ओलांडली. गटाची सभासद नाही, पण सभेला न चुकता येते आणि कडेला मिसरी लावत बसते. तिनं तिथूनच विचारलं, "नाळ कवा तोडली गं पोराची?"

आम्ही हसलो. हे सांगायला लाज वाटते, पण हसलो. आमच्यातल्या एकीनं तर म्हटलंही, "आजी, आता नाळ कापून वर्ष होत आलं, तिचा काय संबंध?" आजी गप्प बसली. काकूंनी मात्र तिथूनच मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, बाळ बाहेर आलं, रडलं, आणि मी तोंड बघायच्या आत चिमटा लागून नाळ कापलीसुद्धा. सिस्टर एकटीच होती, पलीकडच्या टेबलावर दुसरी बाई कळा देत होती.

पुढच्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आमची बैठक होती. तिथल्या डॉक्टर मॅडमना आम्ही हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजींचा प्रश्न बरोबर आहे." मग त्यांनी अर्धा तास आम्हाला समजावलं. त्या दिवसापासून जे शिकलो, वाचलं, विचारलं, ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. काकूंच्या नातवाचं रक्त फक्त नाळ लवकर कापल्यामुळं कमी झालं असं मॅडमनी म्हटलं नाही. मुलीचंच रक्त गरोदरपणात कमी होतं. गोळ्या मळमळतात म्हणून तिनं मध्येच सोडल्या होत्या. बाळाला वरचं खाणं आठव्या महिन्यानंतर सुरू झालं, तेही चहात बुडवलेलं बिस्किट. एका घरावरून नियम काढता येत नाही. पण जन्माच्या वेळी बाळाला जे फुकट मिळायचं होतं, तेही मिळालं नाही, एवढं खरं.

काय मिळायचं असतं, ते बघू.

आपल्याला वाटतं, पोटात बाळाच्या अंगात आईचंच रक्त फिरतं. तसं नाही. आईचं रक्त वेगळं, बाळाचं वेगळं. दोन्ही वारेत एकमेकांच्या शेजारून वाहतात, तिथं देवाणघेवाण होते, पण रक्त एकमेकांत मिसळत नाही. बाळाचं रक्त नाळेतून वारेत जातं आणि पोषण, प्राणवायू घेऊन परत बाळाकडे येतं. म्हणजे बाळ जन्मतं त्या घटकेला त्याचं सगळं रक्त त्याच्या अंगात नसतं. जवळजवळ एक तृतीयांश रक्त अजून बाहेर, वारेत आणि नाळेत असतं. ते बाळाचंच असतं आणि वाटेवर असतं.

बाळ बाहेर आल्यावर नाळ बघितली आहे का कधी? ज्यांनी बघितली त्यांना माहीत असेल. जाड, निळसर, पीळ पडलेली, आणि हात लावला तर ठोके लागतात. दोन-तीन मिनिटांत तीच नाळ पांढरी, बारीक, लुळी पडत जाते. ह्या मधल्या वेळात वारेतलं रक्त बाळाच्या अंगात येत असतं. त्यातलं बरंचसं पहिल्या मिनिटातच येतं, उरलेलं तिसऱ्या मिनिटापर्यंत. सगळं मिळून साधारण ८० ते १०० मिलिलिटर. हॉटेलात मिळतो त्या चहाच्या एका कपाएवढं धरा. तुम्हाला वाटेल, कपभरच तर आहे. पण तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच पाव लिटरच्या आसपास असतं. त्याच्या मानानं हा कप केवढा मोठा झाला बघा. जन्मताच 'खट्' करून चिमटा लावला की ते रक्त वारेतच अडकतं आणि वारेबरोबर खड्ड्यात जातं.

त्या रक्ताबरोबर जातं ते लोह. आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही, सहा महिने तेच द्यायचं, ह्यात बदल नाही. पण दुधात लोह थोडंच असतं. ते बाळाला चांगलं पचतं, तरी वाढत्या अंगाला पुरत नाही. मग पहिले सहा महिने बाळ कशावर काढतं? जन्माच्या वेळी अंगात जी शिल्लक असते तिच्यावर. आपल्या गटातल्या बायकांना हे वेगळं समजवायला नको. खात्यात सुरुवातीलाच पैसे कमी पडले आणि रोज काढणं चालू राहिलं तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच खडखडाट होणार. आईचं रक्त कमी असेल किंवा बाळ कमी वजनाचं, लवकर जन्मलेलं असेल, तर शिल्लक मुळातच थोडी. अशा बाळाला तर तो कपभर फारच मोलाचा.

लोह कमी पडलं की बाळ नुसतं पांढरं दिसतं एवढंच नाही. ह्याच महिन्यांत मेंदू भराभर वाढत असतो, आणि त्यालाही लोह लागतं. बाळ सुस्त राहतं, खेळत नाही, सारखं किरकिरतं, माती खातं. आपण म्हणतो, "लई गरीब आहे हो आमचं बाळ, त्रासच देत नाही." कधी कधी ते गरीब नसतं, अशक्त असतं.

आपल्या राज्याचा आकडा ऐका. २०१९ ते २०२१ ह्या काळात जे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं, त्यात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी निघालं. म्हणजे दहातली जवळजवळ सात. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात हाच आकडा ५३.८ होता. वाढला आहे, कमी झालेला नाही. बायकांमध्ये निम्म्याहून जास्त जणींचं रक्त कमी, ५४.२ टक्के. रक्त कमी असलेल्या आईचं मूल म्हणजे पहिल्या दिवसापासून मागे.

आता कुणी म्हणेल, थांबल्यानं खरंच फरक पडतो हे कशावरून? आम्हीही मॅडमना हेच विचारलं. त्यांनी नेपाळचं उदाहरण दिलं. काठमांडूच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात ५४० बाळांचे दोन गट केले. एका गटात नाळ मिनिटभराच्या आतच कापली, दुसऱ्यात तीन मिनिटं थांबून. मग आठव्या महिन्यात सगळ्यांचं रक्त तपासलं. ज्यांची लवकर कापली त्यांच्यात शंभरातल्या ८२ बाळांचं रक्त कमी होतं. ज्यांच्यासाठी थांबले त्यांच्यात ७३. अंगातलं लोह संपत आलेली बाळं पहिल्या गटात शंभरात ३८, दुसऱ्यात २२. २०१७ मध्ये हे छापून आलं.

हे आकडे ऐकून आमच्यातली एक नाराज झाली. म्हणाली, "थांबूनही ७३ जणांचं रक्त कमीच ना?" हो, कमीच. आम्ही ते लपवणार नाही. नाळेसाठी थांबलो म्हणजे काम झालं असं नाही. पण शंभरातली नऊ लेकरं वाचली, आणि त्यासाठी एक रुपया लागला नाही, औषध लागलं नाही, मशीन लागलं नाही. फक्त हात थोडा वेळ थांबला. स्वीडनसारख्या खात्यापित्या देशातही असाच अभ्यास ४०० बाळांवर झाला. तिथं चार महिन्यांच्या बाळांत लोह कमी असणारी शंभरात सहाच्या आसपास होती, थांबल्यावर एकसुद्धा धड राहिलं नाही. जिथं आया सुदृढ आहेत तिथंही फरक पडला.

जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं आहे की आई आणि बाळ ठीक असतील तर जन्मानंतर एक मिनिट होण्याआधी नाळ कापू नये. एक ते तीन मिनिटं थांबावं. आपल्या केंद्र सरकारचा 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रम २०१८ मध्ये आला. त्यात गोळ्या आहेत, जंताचं औषध आहे, आणि नाळ उशिरा कापणंही आहे. तेव्हा आपण दवाखान्यात जाऊन काही नवीन मागत नाही. सरकारनं ठरवलेलंच मागतो.

मग लगेच कापायची सवय लागली कुठून? ह्याचं उत्तर ऐकल्यावर आमचा डॉक्टर-सिस्टरवरचा राग जरा कमी झाला. बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जाऊन बायका दगावायच्या. ते थांबवायला दवाखान्यांत तीन कामं एकत्र शिकवली जायची. बाळ झालं की आईला इंजेक्शन, लगेच नाळेला चिमटा, आणि नाळ हळू ओढून वार काढणं. हेतू आईला वाचवायचाच होता. पुढं नीट तपासल्यावर कळलं की रक्तस्राव रोखायचं मुख्य काम ते इंजेक्शन करतं. चिमट्याच्या घाईचा त्याला काही उपयोग नाही. मग ती घाई नियमातून काढली. पण वीस-पंचवीस वर्षं हाताला लागलेली सवय कागद बदलला म्हणून सुटत नाही. त्यात एका सिस्टरकडे दोन-दोन टेबलं.

डार्विन नावाचे मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन डॉक्टर होते. नाळ फार लवकर बांधली तर बाळाचं नुकसान होतं असं त्यांनी १८०१ मध्येच लिहून ठेवलं होतं. हे आम्ही सुईण आजीला सांगितलं. ती म्हणाली, "त्येची आजी सुईण असंल."

आजीला आम्ही नंतर मुद्दाम जाऊन भेटलो, माफी मागितली. तिची रीत काय होती विचारलं. ती म्हणाली, "आमी वार पडल्याबिगर नाळ तोडत नव्हतो. नाळंला हात लावून बघायचं. उडायची थांबली, पांढरी पडली, की मग बांधायची." घड्याळ नव्हतं, हिमोग्लोबिन हा शब्द तिनं ऐकला नव्हता, पण हाताला कळत होतं. आम्ही तिला हेही विचारलं की कापायची कशानं. तिनं खरं सांगितलं. कधी ब्लेड, कधी विळा. वर राख लावायची, कुणी शेण लावायचं. त्यापायी किती लेकरं धनुर्वातानं गेली, ते तिलाही आठवतं. सांगताना तिचे डोळे भरले होते. म्हणून हे ऐकून कुणी असा अर्थ काढू नका की आता बाळंतपण घरीच करावं. मुळीच नाही. इंजेक्शनं आणि दवाखान्यातली बाळंतपणं ह्यांच्यामुळंच धनुर्वात हटला. २०१५ मध्ये आपला देश आई-बाळाच्या धनुर्वातातून बाहेर आल्याचं जाहीर झालं. बाळंतपण दवाखान्यातच करायचं. आपल्या राज्यात आता शंभरातली ९४-९५ बाळंतपणं दवाखान्यातच होतात. म्हणजे कात्री आता दवाखान्याच्या हातात आहे, आणि म्हणून थांबा असं सांगायचं तेही तिथंच.

हा विषय आम्ही सात-आठ गटांत बोललो तेव्हा बायकांनी पुष्कळ शंका काढल्या. त्यातल्या काही तुमच्याही मनात असतील.

सगळ्यात जास्त वेळा आलेली शंका कावीळीची. जास्त रक्त गेलं तर बाळाला कावीळ होईल का? ह्यात थोडं तथ्य आहे. थांबून नाळ कापलेल्या बाळांपैकी निळ्या दिव्याखाली ठेवावी लागणारी बाळं किंचित जास्त निघतात, शंभरात एक-दोन जास्त. म्हणून बाळाला पहिल्या आठवड्यात उजेडात नीट बघायचं. डोळे, अंग, तळपाय पिवळे दिसले तर घरी उन्हात धरून बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. आशाताई पहिल्या आठवड्यात घरी येतात, त्यांनाही दाखवायचं. त्या कावीळीवर उपाय आहे, आणि तो सरकारी दवाखान्यात होतो. त्या भीतीनं रक्त सोडून देऊ नये.

दुसरी शंका, बाळ आईच्या पोटावर ठेवलं तर रक्त उलटं आईकडं जाईल. आधी डॉक्टरांनाही असंच वाटायचं, ते बाळाला खाली धरायचे. मग अर्जेंटिनात तपासून बघितलं. बाळ आईच्या पोटावर ठेवा नाही तर खालच्या बाजूला धरा, मिळणारं रक्त सारखंच. म्हणून बाळ सरळ आईच्या पोटावर द्यावं, कोरडं करावं, उबदार कापडानं झाकावं. गारठतही नाही, आईचा स्पर्शही मिळतो. आईला द्यायचं इंजेक्शन नाळ जोडलेली असतानाच देता येतं, त्यासाठी थांबावं लागत नाही. आणि आईचं अंगावरून जाणं ह्यामुळं वाढत नाही, हेही तपासलेलं आहे. आईला एचआयव्ही असली तरी हाच सल्ला आहे. सिझर असलं तरी डॉक्टर मिनिटभर थांबू शकतात.

आता कधी थांबायचं नाही, हे नीट ऐका. बाळ जन्मल्यावर पुसून, पाठ चोळूनही श्वास घेत नसेल, त्याला पिशवीनं हवा द्यावी लागत असेल, तर नाळ कापून बाळाला ताबडतोब टेबलावर न्यावंच लागतं. आईला एकदम जास्त रक्तस्राव सुरू झाला, नाळ तुटली, वार आधीच सुटली, तर थांबायचं नाही. अशा वेळी बाहेरून ओरडत बसायचं नाही, "तीन मिनिटं झाली नाहीत, तीन मिनिटं झाली नाहीत" असं. तो निर्णय डॉक्टर-सिस्टरचाच. हे आम्ही प्रत्येक सभेत दोनदा सांगतो, कारण अर्धवट ऐकून भांडायला जाणाऱ्याही आपल्यातच आहेत.

मागायचं कसं, ह्यावर आमचा बराच वेळ गेला आणि एकदा आम्ही तोंडावरही पडलो. आमच्यातल्या एका सभासदाच्या सुनेला तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात दाखल केलं होतं. कळा जोरात, डोकं दिसायला लागलेलं, आणि ही दारातून म्हणते, "डॉक्टर, नाळ तीन मिनिटांनी कापा." डॉक्टर म्हणाले, "डॉक्टर तुम्ही की मी?" आणि दार लावून घेतलं. नाळ कधी कापली ते कळलंच नाही. तिला वाईट वाटलं, आम्हालाही. पण नंतर विचार केला, वेळ चुकली होती. त्या क्षणी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

तेव्हापासून आम्ही वेगळी रीत ठेवली आहे. सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीला जाता, तेव्हाच विचारायचं. शांतपणे, हात जोडून नको आणि दमदाटीनंही नको. "मॅडम, सगळं नीट असेल तर नाळ थोडी थांबून कापाल ना?" बहुतेक जणी हो म्हणतात. मग ते माता-बाल संरक्षण कार्डाला एक चिठ्ठी लावून लिहून ठेवायचं. आमची चिठ्ठी अशी आहे, लिहून घ्या: "बाळ रडत असेल आणि आई ठीक असेल, तर नाळ १ ते ३ मिनिटं थांबून कापावी, ही विनंती." बस. कार्ड प्रत्येक वेळी बरोबर असतं, तिथल्या सिस्टर बदलल्या तरी चिठ्ठी बोलते.

आणि बरोबर बाई न्यायची. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी आईजवळ एक जवळची बाई थांबू शकते, २०१६ पासून तशी परवानगी आहे. आई, सासू, बहीण, जाऊ, जिला स्वतःला बाळंतपणाचा अनुभव आहे अशी. तिनं काय करायचं? पाठ चोळायची, पाणी द्यायचं, आणि बाळ रडलं की हळूच आठवण करायची, "सिस्टर, नाळेचं तेवढं बघा." एवढंच. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आम्ही पाच जणी जाऊन मॅडमशी आणि सिस्टरशी बोललो. सिस्टर म्हणाल्या, "आम्हाला माहीत आहे हो. पण मी एकटी, दोन टेबलं. तुम्ही आठवण केली तर बरंच आहे." आम्ही भांडणाच्या तयारीनं गेलो होतो, चहा पिऊन आलो.

कारखान्याला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन शब्द जास्त. दसरा-दिवाळीनंतर तुमची गाडी निघते आणि कित्येकींचं बाळंतपण तिकडं, अनोळखी गावात, कोपीवरून थेट दवाखान्यात होतं. तिथं ओळख नाही, बोलायची भीती वाटते. म्हणून कार्ड आणि ती चिठ्ठी इथून निघतानाच पत्र्याच्या पेटीत, वरच ठेवा, तळाला नको. लोहाच्या गोळ्याही हंगामभराच्या मागून घ्या.

खाजगी दवाखान्यांत आजकाल आणखी एक प्रकार येतो. नाळेतलं रक्त साठवून ठेवा, पुढं आजारपणात कामी येईल, असं सांगणारे एजंट भेटतात आणि हजारो रुपये सांगतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच सांगितलं आहे की खाजगी पेढीत असं साठवण्याच्या नादी लागू नये. आम्ही तर म्हणतो, ते रक्त साठवायला सगळ्यात चांगली जागा बाळाचं अंगच.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. मळमळत असेल तर रात्री जेवून झाल्यावर घ्या, पण सोडू नका. गोळीवर चहा नको, लिंबू चालतं. बाळाला सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू करायचं. घट्ट वरण, पालेभाजी मऊ शिजवून, घरात खात असाल तर अंड्याचं बलक, मटणातली कलेजी बारीक करून. बिस्किट म्हणजे खाणं नव्हे. सहा महिन्यांनंतर अंगणवाडीताई किंवा आशाताई लोहाचं सिरप देतात, आठवड्यातून दोनदा, एकेक मिलिलिटर. त्यानं शी काळी होते. घाबरून बाटली माळ्यावर टाकू नका, आमच्या एका गटात सात घरांत अशा बाटल्या सापडल्या.

काकूंच्या नातवाला औषध सुरू होऊन आता चार महिने झाले. परवा रक्त तपासलं तर १०.१ आलं. सभेला आला होता, रजिस्टरचं पान फाडलं.

आणि आता काकूंच्या धाकट्या मुलीला नववा महिना आहे. तीही माहेरी आली आहे. चिठ्ठी कार्डाला लावून झाली, मॅडमशी बोलून झालं. लेबर रूममध्ये एकच बाई जाऊ देतात. काकूंना स्वतः जायचं आहे. सुईण आजी म्हणते, "तुला बघून चक्कर यील, मी जाते. नाळ मला कळती." गेले आठ दिवस दोघींचा वाद चालू आहे. मॅडम म्हणाल्या आहेत, एक आत थांबेल, दुसरीनं दाराबाहेर बसायचं. कोण आत आणि कोण बाहेर, ते पुढच्या वेळी सांगू.